हँडल आणि अंगठा

गेल्या भाद्रपदात पुतण्याचा दूरध्वनी आला. आमची वडिलोपार्जित शेती मुधोळ तालुक्यात आहे. हे मुधोळ म्हणजे कर्नाटकातील संस्थानी मुधोळ नव्हे, तर गोदाकाठच्या बासरजवळचे. १९५६ पर्यंत ते नांदेड जिल्ह्यात होते, राज्यपुनर्रचनेत आदिलाबादला जोडले गेले आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. गाव जागच्या जागी राहिले आणि पत्ता तेवढा बदलत गेला. पुतण्या म्हणाला, "काका, गोठ्यामागचा जुना फर्ग्युसन मी दुरुस्त करायला घेतला आहे. खंडेनवमीला तो चालू करून पूजेला उभा करायचा आहे. स्टार्टर अजून मिळाला नाही, पण हँडलने सुरू करता येईल. राणीगंजात हँडल मिळाले तर पाहाल का?"

सिकंदराबादकरांना राणीगंज ठाऊक आहेच. पंप, पट्टे, बेअरिंग, नटबोल्ट, जुन्या यंत्रांचे सुटे भाग असे सारे त्या गल्ल्यांत मिळते. जे मिळत नाही, ते कोठे मिळेल हे सांगणारा माणूस तरी मिळतोच. दोन दुकाने फिरल्यावर तिसऱ्या दुकानदाराने गोणपाटाखालून दोनदा काटकोनात वाकलेला एक जाड गज काढून माझ्या हाती दिला. मूठ गुळगुळीत झाली होती. मी ती धरली आणि माझ्या लक्षात आले की चारही बोटे मुठीभोवती वळली असली तरी अंगठा आपोआप बाहेर, बोटांच्याच बाजूला जाऊन बसला आहे. छप्पन्न वर्षांत मी हँडलला हात लावलेला नव्हता. पण अंगठ्याने ते ध्यानात ठेवले होते.

नव्या पिढीतील वाचकांसाठी थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. आज किल्ली फिरवली की गाडी सुरू होते. पूर्वी इंजिनाचा पहिला फेरा माणसाच्या हाताने द्यावा लागे. रेडिएटरखालच्या भोकातून हँडल आत सरकवून क्रँकशाफ्टच्या खाचेत अडकवायचे आणि एक जोरदार हिसका द्यायचा. दट्ट्या वर येऊन मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते आणि इंजिन धावू लागते. त्याच क्षणी हँडल खाचेतून आपोआप सुटावे, अशी योजना असते. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसविला गेला आणि श्रीमंतांची या कष्टातून हळूहळू सुटका झाली. आपल्या चौमहल्ला राजवाड्यात त्याच १९१२ सालची निजामांची पिवळी रोल्स रॉइस ठेवली आहे. तिच्यापुढे लोक छायाचित्रे काढून घेतात. त्या काळच्या त्या मोटारी हँडलनेच सुरू होत. आतील आसनावर कोण बसे हे इतिहासाला ठाऊक आहे, पण पुढे वाकून हँडल कोण मारी हे कोणी विचारीत नाही.

धोका असतो तो ठिणगीच्या वेळेत. दट्ट्या पुरता वर पोचण्यापूर्वीच मिश्रण पेटले, तर स्फोटाचा जोर त्याला आल्या वाटेने मागे ढकलतो. हँडल उलटे फिरते आणि तेही माणसाच्या ताकदीने नव्हे, इंजिनाच्या ताकदीने. अंगठा मुठीभोवती वळलेला असेल तर हात सुटत नाही, आणि मग अंगठा तरी मोडतो किंवा मनगट तरी. मनगटाच्या अंगठ्याकडील हाडाच्या अशा मोडण्याला वैद्यकशास्त्रात 'शोफर्स फ्रॅक्चर' असे नावच पडले आहे. शोफर म्हणजे पगारी मोटारचालक. मोटार मालकाची असली, तरी हाड मोडण्याला नाव मात्र नोकराचे मिळाले.

म्हणून जाणकारांनी काही नियम घालून दिले होते. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडल खालून वर ओढावे, वरून खाली कधीही दाबू नये, कारण दाबताना सारे अंग त्यावर झुकलेले असते. शक्यतो डाव्या हाताने ओढावे, म्हणजे उलटा झटका बसला तर हँडल बोटे उघडून निघून जाते. गरगर फिरवू नये, एका वेळी अर्धाच फेरा द्यावा. जुन्या मॅग्नेटोच्या यंत्रांत ठिणगी उशिरा पाडणारा खटका असे, तो आधी मागे घ्यावा. डिझेल इंजिनाची तऱ्हा निराळी. तेथे दाब सोडणारी कळ उचलून फेरे द्यायचे, वेग आला की कळ पाडायची आणि इंजिन लागले तरी हँडलवरचा हात सोडायचा नाही, ते सरळ बाहेर ओढून घ्यायचे. सोडले तर तेच हँडल शाफ्टवर फिरत राहते आणि समोरच्याला फोडून काढते. विहिरीवरच्या इंजिनांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे सांगायला नको.

हे नियम मला पुस्तकातून कळले नाहीत. ते कसे कळले, हेच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांची तेव्हा एकच घडी होती. नोकरी शहरात, शेती गावी. माझे वडील सिकंदराबादला कारकुनी करीत आणि थोरले काका, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, गावी शेती पाहत. अण्णांनी १९६३ साली जुना फर्ग्युसन विकत घेतला. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात हे राखाडी रंगाचे ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाले. आमचा पेट्रोलवर सुरू होई आणि तापला की रॉकेलवर चाले. त्यात एक चांगली सोय होती. विजेचा स्टार्टर गिअरच्या दांड्यानेच चाले. दांडा 'एस' या अक्षराकडे नेला तरच इंजिन फिरे, त्यामुळे चुकून गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर सुरू होण्याची भीती नव्हती. पण हँडल लावले की ही सारी सोय निरर्थक होई. हँडलला गिअर ठाऊक नसतो. यंत्र बनविणाऱ्याने माणसाच्या विसराळूपणाचा जो बंदोबस्त केलेला असतो, तो हँडल मारणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

१९६९ चे वर्ष आपल्याला विसरता येणार नाही. वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनामुळे शाळा-महाविद्यालये महिनोन् महिने बंद राहिली. मी बारा वर्षांचा होतो. वडिलांनी मला मीटरगेजच्या गाडीत बसवून बासरला धाडले. शाळा नाही, परीक्षा नाही, आमराई पाडाला आलेली. माझ्या दृष्टीने ते आंदोलन अत्यंत यशस्वी झाले होते.

शेतात ट्रॅक्टरची सारी उस्तवार आमचे सालगडी करीत. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. घरातील मोठी माणसे त्यांना एकेरीच हाक मारीत. त्यांची नातवंडे आज नांदेडला चांगल्या नोकऱ्यांत आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. मामा निरक्षर होते. दर पाडव्याला सालाची चिठ्ठी होई आणि तीवर ते डाव्या अंगठ्याची निशाणी करीत. पण इंजिनाच्या आवाजावरून रॉकेल कधी उघडावे हे त्यांना जसे कळे, तसे अण्णांनाही कळत नसे.

जूनच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. बॅटरी उतरली होती. ठिणगीपुरती ती पुरे, पण स्टार्टर फिरवण्याइतका जीव तिच्यात नव्हता. नवी बॅटरी पेरणीनंतर पाहू, असे अण्णांनी ठरविले होते. शिवाय ट्रॅक्टर ओढीला कमी पडत होता. म्हणून भैंशाहून मिस्त्रीला बोलावले होते. तो आला त्या दुपारी अण्णा कोर्टाच्या तारखेला गेले होते आणि मामा रानात होते. मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून पॉइंट पुढे घेतले, हात पुसले, आणि ओसरीवर आंबे चोखीत बसलेल्या मला म्हणाला, "बाबा, चच्चा कू बोल देना, पाइंट जरा आगे लिया हूँ. हँडल उलटा मारेगा. संभाल के." मी मान डोलावली. तो सायकलवर बसून निघून गेला. मीही चुलत भावंडांबरोबर नदीवर गेलो. रात्री अण्णा आले, जेवले, कोर्टाची हकीकत सांगितली. निरोप मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी हँडल लावले. मला हौसेने आसनावर बसविले होते. पहिल्या हिसक्याला काही झाले नाही. दुसऱ्याला 'खट्' असा एकच आवाज आला आणि मामा खाली बसले. ओरडले नाहीत. उजवे मनगट डाव्या हातात धरून ते नुसते पाहत राहिले. हात मनगटाशी वाकला होता आणि अंगठा भलत्याच दिशेला गेला होता. अण्णा धावत आले. त्यांचे पहिले वाक्य मला अजून ऐकू येते, "किती वेळा सांगितले, अंगठा बाहेर ठेव म्हणून!" मामा म्हणाले, "चुकलं मालक."

त्या क्षणी मला निरोप आठवला. मी आसनावरून उतरलो आणि काहीही बोललो नाही.

हाडवैद्याने कामट्या बांधल्या. हाड जुळले, पण वाकडे जुळले. अंगठ्याची पकड गेली. मामांना पुढे ना पाभर धरता आली, ना नांगराची मूठ. पडलेल्या दिवसांचे खाडे सालातून वजा झाले. तेव्हा ती रीतच होती आणि अण्णा इतरांहून वाईट नव्हते, उलट औषधपाण्याचा खर्च त्यांनी केला. पुढच्या पाडव्याला मामांना राखणीचे काम मिळाले, साल अर्थातच कमी. चिठ्ठीवर निशाणी करताना अडचण आली नाही. मोडला होता उजवा अंगठा. कागदाला लागतो तो डावा, आणि तो शाबूत होता.

आमच्या घरात ही हकीकत पुढे अनेक वर्षे सांगितली गेली. घरात कोणी हलगर्जीपणा केला की त्याला मामांचे उदाहरण देत. तात्पर्य ठरलेले असे, अंगठा बाहेर ठेवावा. तात्पर्य खोटे नव्हते. मामांचा अंगठा आत होता हे खरेच आहे. पण त्या सकाळचा हिशेब मी मनाशी अनेकदा मांडला आहे. बॅटरी अण्णांनी पुढे ढकलली. पॉइंट मिस्त्रीने पुढे घेतले. निरोप मी खाल्ला. मामांनी काय केले? रोजच्यासारखे हँडल धरले. एरवी त्या धरण्याने वर्षानुवर्षे काही झाले नव्हते. चौघांच्या हातून घडलेल्या गोष्टीची किंमत एकाच मनगटाने दिली, आणि दोष मात्र त्याच मनगटाच्या अंगठ्याला लागला.

पुढे मी सरकारी सेवेत शिरलो आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीतील बराच काळ शेतीशी संबंधित कामात गेला. यंत्रांच्या अपघातांचे कागद माझ्या टेबलावरून जात. मळणीयंत्रांत हात जाण्याचे प्रकार देशभर इतके झाले की १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्याचा रोख मळणीयंत्रांवरच होता. त्याहून जुना १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा. त्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेला असता कमाईची ताकद किती टक्के घटली असे मानावे, याचा तक्ता होता. अंगठा गेल्यास ३० टक्के. तो तक्ता प्रथम वाचला तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिलो. ट्रॅक्टरच्या शेतीवर काम करणाऱ्यांचा उल्लेखही त्या कायद्याच्या यादीत आढळला. मामांच्या बाबतीत तो कायदा कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अपघाताच्या अहवालात कारणाचा रकाना असे. त्यात मी स्वतः किती वेळा 'चालकाचा निष्काळजीपणा' असे लिहिले असेल, याची मोजदाद नाही. लिहिणे सोपे असे. यंत्राची संरक्षक जाळी कोणी काढली, पट्टा कोणी घट्ट केला, दिव्याशिवाय रात्री मळणी करायला कोणी लावले, हे विचारायचे तर चार माणसांकडे जावे लागे. जखमी माणूस एकच असे आणि तो बहुधा स्वतःच म्हणे की चूक माझी. तेथे चौकशी संपे.

१९८५ च्या सुमारास मामा माझ्याकडे कचेरीत आले. वार्धक्य वेतनाचा अर्ज भरून हवा होता. मी त्यांना खुर्ची दिली, तिच्यावर ते अवघडून, अगदी कडेला बसले. मी अर्ज भरला. निशाणीसाठी शाईची पेटी पुढे केली. डावा अंगठा उमटवताना त्यांनी उजव्या हाताने कागद दाबून धरला होता आणि तो वाकडा अंगठा माझ्यासमोर होता. मी म्हणालो, "मामा, हाताचे अजून दुखते का?" ते हसले. "पावसाळ्यात ठणकतो जरा. चुकी माझीच की बाळासाहेब, अंगठा आत ऱ्हायला." त्या वेळी बोलायला हवे होते. टेबलापलीकडे माणसे खोळंबली होती, शिपाई फायली घेऊन उभा होता, अशी कारणे मी पुढे स्वतःला दिली. खरे कारण एवढेच की सोळा वर्षे न बोलल्यावर बोलणे अधिक अवघड होते. दोन वर्षांनी मामा गेले. मी त्यांना जन्मभर त्यांचीच चूक मानू दिली.

असो. गेल्या खंडेनवमीला हँडल घेऊन मी गावी गेलो. पुतण्याने काम मनापासून केले होते. राखाडी रंग नवा, टायर नवे, पुढे झेंडूच्या माळा. शेजारपाजारची तरुण मुले भ्रमणध्वनी सरसावून चित्रीकरणाला उभी होती. पुतण्या बाह्या सरसावून म्हणाला, "काका, अंगठा बाहेर, एवढे मला माहीत आहे."

मी म्हणालो, "अंगठ्याचे सर्वात शेवटी. आधी बाकीचे."

मग आम्ही एकेक पाहिले. गिअर मोकळा आहे ना, हे दांडा हलवून आणि ट्रॅक्टर हाताने पुढे-मागे ढकलून पाहिले. मागच्या चाकांना दगड लावले. पुढे भिंत नाही आणि मूलही नाही, याची खात्री केली. हँडलची खाच झिजलेली नाही आणि इंजिन लागल्यावर ती सुटेल, हे ठिणगी बंद ठेवून फिरवून पाहिले. पुतण्याच्या गळ्यातले उपरणे काढायला लावले. शेवटी मी विचारले, "पॉइंट कोणी बसवले?" निजामाबादचा एक तरुण मिस्त्री गर्दीत उभा होता. त्याने हात वर केला. मी त्याला म्हणालो, "बेटा, पहिले हँडल तू मारायचेस." तो क्षणभर चपापला. मग काही न बोलता त्याने झाकण उघडले, पॉइंट पुन्हा एकदा तपासले, डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घेतला आणि मगच हँडलला हात घातला. डाव्या हाताने, खालून वर, अंगठा बाहेर. तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागले. टाळ्या वाजल्या.

त्याने तो केसभर फरक का केला, हे मी विचारले नाही. पण त्यावरून मला जो नियम सुचला, तो आजवर कोणत्याही माहितीपुस्तकात माझ्या वाचनात आलेला नाही. तो असा की, ज्याने इंजिनाला हात लावला, पहिले हँडल त्यानेच मारावे. यंत्र बिघडविणारा, सुधारणारा, काटकसर करणारा, निरोप नेणारा आणि यंत्रापुढे वाकणारा ही माणसे वेगवेगळी असली की सुरक्षिततेचे सारे नियम शेवटच्या माणसाच्या अंगठ्यावर येऊन पडतात. ती सारी एकच झाली, की प्रत्येकजण आपसूक सावध होतो.

त्या रात्री जेवणे झाल्यावर पुतण्याला आणि घरातील सर्वांना मी मिस्त्रीच्या निरोपाची गोष्ट सांगितली. पुतण्याची आई म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बारा वर्षांचे होतात." हे खरे आहे. पण १९८५ साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो.

नांदेडला मामांच्या नातवाला मी पत्र लिहिले आहे. आजोबांचा अंगठा त्यांच्या चुकीने मोडला नव्हता, एवढेच त्यात कळविले आहे आणि माझे नाव लिहून खाली सही केली आहे. निरोप पोचायला छप्पन्न वर्षे लागली. ज्याला द्यायचा, तो तर नाहीच. पण ती चूक त्या घरात मामांच्या नावावर आणखी एक पिढी राहू नये, असे वाटले.